युनियनमध्ये गेल्यावर दुकानातली माणसं मन लावून काम करतात की ढिली पडतात?

दोन्ही बघितलंय. वाशीच्या एका मोठ्या कपड्याच्या दुकानात मी फ्लोअर सांभाळायचो. तिथे युनियन नव्हती. सेलच्या दिवसांत मुली दहा-दहा तास उभ्या, स्टूल दिसलं की मॅनेजर उचलून नेणार. टाचा दुखत असताना गिऱ्हाइकाला हसून साडी कोण दाखवेल? जी ती दुसरी नोकरी बघायची.

केरळात हाच बसण्याचा प्रश्न कोझिकोडच्या कामगार बायकांच्या संघटनेने लावून धरला आणि २०१८ मध्ये कायदा बदलला. आपल्याकडे जादा तासांना दुप्पट दर कायद्यात आहेच, पण एकट्याने मागायला गेलं की पुढच्या आठवड्यात गैरसोयीची शिफ्ट लागते! युनियनचा खरा फायदा इथे, मागणाऱ्याचं नाव पुढे येत नाही.

गंमत म्हणजे अमेरिकन अर्थतज्ज्ञ रिचर्ड फ्रीमन यांना १९७०च्या दशकात चमत्कारिक चित्र दिसलं होतं: युनियनवाले जास्त कुरकुरतात, पण नोकरी कमी सोडतात. मला ते पटतं. माणूस टिकला की त्याला स्टॉक, साइज, नेहमीची गिऱ्हाइकं पाठ होतात, विक्री तिथेच वाढते.

नुसती वर्गणी गोळा करणारा नेता असेल तर मात्र काही बदलत नाही. वाशी मार्केटच्या माथाडींमागे १९६९ चा स्वतंत्र कायदा आणि मंडळ आहे. मॉलमधली पोरं बहुतेक एजन्सीच्या पगारपत्रकावर, त्यामुळे युनियनच्या अर्जावर सही करण्याआधी आपला मालक नक्की कोण, दुकान की एजन्सी, हे बघा.