सासऱ्यांचं वजन उतरतंय, रिपोर्ट नॉर्मल: आमच्याकडे काय झालं ते

ताई, सासरे 67 वर्षांचे, रिटायर झाल्यापासून 13 किलो उतरले, आणि जेवायला बोलावलं की "माझं झालं" म्हणतात, हे वाचलं आणि आमचे बाबाच डोळ्यापुढे आले. कॅन्सर, टीबी, थायरॉईड तुम्ही बघितलंच असणार, ते सोडून देतो. बाबांना निघाला ॲनोरेक्सिया, म्हणजे वजन वाढायच्या भीतीने खाणं तोडत जाण्याचा मानसिक आजार.

आमच्याकडे शुगर बॉर्डरवर आली तिथून सुरू झालं. आधी भात बंद, मग रात्रीचं जेवण, मग सोमवारला गुरुवार जोडला, वर एकादशी अन् चतुर्थी, आणि उपवासाला साबुदाणाही नाही, नुसतं ताक. सोसायटीत सगळे "काका, काय फिट झालात", आम्ही पण खूश! माझी घोडचूक म्हणजे ओपीडीत डॉक्टरांनी बाबांना विचारलं खाणं कसंय, आणि उत्तर मी दिलं, तेही कौतुकानं, की एकदम शिस्तीचं आहे हो. त्यांनी लिहून घेतलं, विषय संपला. पुढचे आठ महिने स्कोपी, सीटी, टॉनिकं, आणि शेवटी एका मोठ्या हॉस्पिटलने (नाव घेत नाही) "वय झालं आता" म्हणून बोळवण केली. अरे, वय झालं म्हणून पोळी काट्यावर तोलून खातं का कोणी? वजन वाढायची भीती वाटते का, एवढं एकानेही विचारलं नाही. हा आजार कॉलेजातल्या मुलींचा, हेच डोक्यात. डॉक्टर वापरतात त्या डीएसएममध्ये (मानसिक आजारांच्या निकषांचं अमेरिकन पुस्तक) 2013 पर्यंत ॲनोरेक्सियाच्या निकषांत पाळी बंद होणं पण होतं, म्हणजे बघा.

बेल्टला खिळ्याने पाडलेली भोकं, मे महिन्यात स्वेटर, उठताना चक्कर, मंद नाडी (बाबांची 46 होती), दिवसातून तीनदा वॉक, लपवलेल्या जुलाबाच्या गोळ्या, हे बघा. आणि स्वतः न खाता दुसऱ्यांना आग्रहाने श्रीखंड वाढणं, हे तर आम्हाला प्रेमच वाटायचं. अर्थात कवळी टोचत असेल, डिप्रेशन असेल, मी काही डॉक्टर नाही.

फक्त कळलं म्हणून घरी लगेच तूप-शिरा भरवू नका. फार दिवस उपाशी राहिलेल्याला एकदम खायला घातलं की रक्तातलं फॉस्फेट घसरतं, हृदयावर बेततं. बाबांना ॲडमिट करून हळूहळू वाढवलं. सायकिॲट्रिस्टकडे "चक्करसाठी" सांगून नेलं, माझ्या मते चालतं, बायकोच्या मते फसवणूक. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या 14416 वर मराठीत बोलता येतं.

आणि पुढच्या व्हिजिटला आठवडाभर त्यांनी खरंच काय खाल्लं त्याची चिठ्ठी डॉक्टरांना आधी पोचवा, मग तुम्ही दोघं केबिनबाहेर बसा.