बबलूची नदी

चि. गायनबाईंस,

तुझा व्हॉइस मेसेज दोनदा ऐकला. दर शनिवारी तू हॉटेलात गातेस, तिथे बोनी एम या डिस्को बँडच्या ‘रिव्हर्स ऑफ बॅबिलॉन’ची फर्माईश येतेच. लहानपणापासून आवडतं गाणं, पण परवा पहिल्यांदा शब्द नीट वाचले आणि पोटात कालवलं, म्हणतेस. आता ते यादीतून गाळू, की नुसत्या गिटारवर संथ करून गाऊ, हा तुझा प्रश्न.

गाळू नकोस. आणि संथ तर मुळीच करू नकोस.

आम्ही सदाशिव पेठेतली मराठी शाळेची पोरं. गॅदरिंगला या गाण्यावर नाच बसवला होता. ‘बाय द रिव्हर्स ऑफ बबलू’ असंच आम्ही म्हणायचो, कारण वाड्यात खरोखरच एक बबलू होता. त्याची नदी म्हणजे अर्थात मुठा. पुढे ऑर्केस्ट्रात कीबोर्डवर हे गाणं मी शेकडो वेळा वाजवलं, आणि अर्थ कळला तो तिशी उलटल्यावर. तेव्हा तू निदान लवकर पोचलीस.

बोनी एमची तबकडी १९७८ची. मूळ गाणं जमैकातल्या मेलोडियन्स या बँडचं, १९७०चं. ती रास्ताफारी पंथाची परंपरा. त्यांच्या लेखी बॅबिलॉन म्हणजे जुलूम करणाऱ्यांचं राज्य आणि घर म्हणजे आफ्रिका. (रास्ताफारी म्हटलं की आपल्याला रास्ता पेठ आठवते. संबंध शून्य, पण बेने इस्रायलींचं, म्हणजे मराठी बोलणाऱ्या यहुद्यांचं, सिनेगॉग (प्रार्थनास्थळ) त्याच पेठेत आहे, ही गंमत.) शब्द त्याहून फार जुने, बायबलातल्या १३७व्या स्तोत्राचे. इसवीसनपूर्व ५८६च्या सुमाराला जेरुसलेम पडलं, मंदिर जाळलं गेलं आणि तिथल्या यहुदी लोकांना बॅबिलॉनला धरून नेलं. तिथे नदीकाठी ते रडत बसलेत, वीणा झाडांवर टांगून ठेवल्यात, आणि धरून आणणारेच म्हणतात, तुमच्याकडचं एखादं गाणं म्हणा की! परक्या मुलखात आपल्या देवाचं गाणं गायचं कसं, असं ते विचारतात. स्तोत्राच्या शेवटी सूडाचं इतकं क्रूर वचन आहे की गाण्यात ते घेतलेलंच नाही.

म्हणजे बघ, ही फर्माईशच आहे. तुझी गिऱ्हाईकं काही नबुखद्नेस्सर, म्हणजे त्यांना धरून नेणारा बॅबिलॉनचा राजा, नव्हेत, बिल भरून घरी जाणारी साधी माणसं आहेत. पण मागणाऱ्याला मजा हवी आणि गाणाऱ्याच्या मनात भलतंच काही, हा प्रसंग तुला नवा नाही. तू ते संथ केलंस की तो प्रसंगच मोडतो. मग उरते फक्त एक उदास मुलगी आणि तिची गिटार. अशा पुण्यात पुष्कळ आहेत.

भोंडला खेळली असशीलच. ‘कारल्याचा वेल’ आठव. सुनेला माहेरी जायचंय. सासू म्हणते, आधी वेल लाव. वेल लावला तर कारलं येऊ दे. कारलं आलं तर भाजी कर. असं लांबतच जातं. पोरी हत्तीभोवती फेर धरून खिदळत म्हणतात, लक्ष सगळं खिरापतीच्या डब्याकडे. माझी आजी नवव्या वर्षी लग्न होऊन कोकणातून इथे आली. ते गाणं ती कधी हळू म्हणाली नाही. फेरात तिचा आवाज सगळ्यांत वर असायचा, आणि ठेका चुकला की पाठीत धपाटा.

एखाद्या सकाळी कॅम्पातलं लाल देऊळ बघून ये. नाव देऊळ, पण आहे सिनेगॉग. ते बांधवून घेणारे डेव्हिड ससून बगदादचे. तिथला जाच चुकवून १८३०च्या सुमाराला निघाले आणि मुंबईत स्थिरावले. जुनं बॅबिलॉन बगदादपासून शंभर किलोमीटरच्या आत. तिथले यहुदी स्वतःला त्या धरून नेलेल्या माणसांचेच वंशज मानत. ससूनांची कबर त्याच आवारात आहे. आत जायला परवानगी लागते. नाही मिळाली तर रस्त्यावरून मनोरा बघ.

आणि रियाजाचं सांगतो. ड्रमवाल्याला वेग कमी करू देऊ नकोस. परक्या मुलखाचा तो प्रश्न येतो, तिथे आवाज कापरा करायचा मोह होईल, तो टाळ. शब्द स्वच्छ टाक, विशेषतः ‘बॅबिलॉन’. लोक टाळ्या वाजवतील, वाजवू देत.

येत्या शनिवारी येतो. मागच्या टेबलावर बसेन. बिल माझं मी देईन.

तुझा,
कीबोर्डवाला काका