हत्तीरोगाची सूज: काढ्यापेक्षा पायाची त्वचा सांभाळा

आपण लिहिले आहे की वडिलांचा उजवा पाय गुडघ्याखाली सात-आठ वर्षांपासून सुजलेला आहे, हत्तीरोगाचे निदान झालेले आहे, वर्षातून तीन-चार वेळा हुडहुडी भरून ताप येतो, आणि आता एका परिचितांनी ‘लसिका शुद्ध करणारा’ काढा व जोराची मालिश सुचवली आहे. मी डॉक्टर नाही. परंतु माझा डावा पाय गेली बावीस वर्षे याच आजाराचा आहे, त्यामुळे स्पष्टच सांगतो. काढ्यावर पैसे घालवू नयेत, आणि जोराची मालिश तर मुळीच करू नये.

याचे कारण समजण्यासाठी लसिका संस्थेचे काम पाहावे लागेल. केशवाहिन्यांतून, म्हणजे रक्ताच्या अगदी बारीक वाहिन्यांतून, पाझरलेला द्रव पेशींभोवती सतत जमत असतो. त्यातील सुमारे तीन लिटर द्रव, त्यात विरघळलेल्या प्रथिनांसह, लसिका वाहिन्या दिवसाकाठी गोळा करतात आणि मानेच्या तळाशी असलेल्या मोठ्या शिरांमध्ये, म्हणजे पुन्हा रक्तात, सोडतात. या वाहिन्यांतील द्रवालाच लसिका म्हणतात. आतड्यांतून शोषलेले स्निग्ध पदार्थही याच वाटेने जातात. १६२२ मध्ये इटलीतील आसेल्ली या शरीरशास्त्रज्ञाला नुकत्याच खाऊ घातलेल्या कुत्र्याच्या पोटात दुधासारख्या पांढऱ्या वाहिन्या दिसल्या, त्या याचमुळे. रक्ताला हृदयाचा रेटा असतो, तसा लसिकेला नसतो. वाहिन्यांच्या भिंतींचे स्वतःचे आकुंचन, द्रव मागे फिरू न देणाऱ्या झडपा, पोटरीच्या स्नायूंची हालचाल आणि श्वासाबरोबर छातीत बदलणारा दाब यांवरच तो प्रवाह चालतो. वाटेत लसिका ग्रंथी त्यातील जंतू अडवतात. पायाला काटा लागून जखम चिघळली की जांघेत अवधाण येते, ती हीच ग्रंथी सुजलेली असते.

हत्तीरोगाचे प्रौढ जंत नेमके या वाहिन्यांमध्ये राहतात, आणि तेही सहा ते आठ वर्षे. वाहिन्या फुगतात, झडपा निकामी होतात आणि प्रथिनयुक्त द्रव पायातच साचतो. म्हणजे येथे बिघाड वाहून नेण्याच्या व्यवस्थेत आहे, ‘अशुद्धी’त नाही, कोणताही काढा फाटलेली झडप पुन्हा शिवू शकत नाही. दुसरे असे की, अशा पायातील द्रव तुंबलेला असल्यामुळे त्वचेतून शिरलेल्या साध्या जंतूंनाही तेथे वाढायला वाव मिळतो. वडिलांना येणारा ताप बहुधा या जंतूंचा असतो, आणि प्रत्येक तापाबरोबर उरलेल्या वाहिन्यांचे आणखी नुकसान होऊन सूज थोडी वाढलेलीच राहते. हे चक्र मला फार उशिरा कळले, म्हणून यावर सविस्तर लिहितो.

जंतूंचे प्रवेशद्वार बहुतेक वेळा बोटांच्या बेचक्यांत असते. आज संध्याकाळी उजेडात वडिलांची बोटे एकेक वेगळी करून पाहावीत. चिखल्या, भेगा किंवा पांढरी पडलेली ओलसर कातडी दिसली तर डॉक्टरांकडून बुरशीवरचे मलम लिहून घ्यावे. रोज झोपण्यापूर्वी साध्या साबणाने आणि थंड पाण्याने पाय धुवावा, ब्रश किंवा दगडाने घासू नये, सुजेच्या वळ्यांमधील कातडीही धुवावी आणि मग मऊ सुती कापडाने, घाई न करता, प्रत्येक बेचका टिपून कोरडा करावा. धुण्यापेक्षा हे कोरडे करणे अधिक महत्त्वाचे आहे, आणि नेमके तेच राहून जाते. या नेमाने माझे ताप वर्षाला चारवरून दोन वर्षांतून एकावर आले.

ताप आलाच तर पाय शेकू नये. पहिली काही वर्षे मी गरम पाण्याने शेकत असे आणि एकदा त्यातून मोठे फोड आले. अशा वेळी झोपून पाय उंचावर ठेवावा, ओल्या कापडाने गार करावा, भरपूर पाणी प्यावे, दाब देणारी पट्टी बांधत असल्यास ती आणि व्यायाम दोन्ही बंद ठेवावेत, आणि त्याच दिवशी प्राथमिक आरोग्य केंद्रात जावे, कारण प्रतिजैविके लागू शकतात. पाय एकाएकी खूप दुखून सुजला किंवा दम लागला, तर ती शिरेतील रक्ताची गुठळीही असू शकते. तेव्हा थेट रुग्णालय गाठावे.

एरवी चालणे, बसल्या जागी घोटा वरखाली करणे, पोटातून खोल श्वास घेणे आणि झोपताना पायाखाली उशी घेणे पुरे. दाब देणारी पट्टी उपयोगी पडते, परंतु ती डॉक्टरांनी पायाचा रक्तपुरवठा तपासल्यावरच सकाळी बांधावी व रात्री काढावी. हलक्या हाताने लसिका सरकवण्याची पद्धत खरी आहे; मात्र ती प्रशिक्षित व्यक्तीकडूनच शिकावी.

चंद्रपूर, गडचिरोली, भंडारा या भागात आरोग्य कर्मचारी हत्तीरोगाच्या गोळ्या द्यायला घरी येतात, तेव्हा ‘आम्हाला काही झालेले नाही’ असे म्हणून त्या परत पाठवू नयेत. बहुतेक बाधितांना वर्षानुवर्षे कोणतेही लक्षण नसते, आणि त्यांच्या रक्तातूनच डास हा रोग पुढे नेतो. गोळ्या उपाशीपोटी घेऊ नयेत. दोन वर्षांखालील मुले, गर्भवती आणि गंभीर आजारी यांना त्या देत नाहीत. जुनी सूज या गोळ्यांनी उतरत नाही, हे वडिलांना आधीच सांगावे, म्हणजे ते निराश होणार नाहीत.

आपण धानाच्या शेतीचा उल्लेख केला आहे. रोवणीच्या दिवसांत वडिलांना अनवाणी बांधीत उतरू देऊ नये. गुडघ्यापर्यंतचे, सैल बसणारे गमबूट घ्यावेत, दुपारच्या जेवणाला ते काढून पाय पुसावा, आणि बेचक्यांत जखम दिसली तर ती भरेपर्यंत चिखलातील काम दुसऱ्या कोणाकडे द्यावे.