तंबोऱ्याचा आवाज जर्मनीला गेला, पैसे कुठनं यायचे?

प्रश्न : नमस्कार दादा, आम्ही मिरजेचे, घरात तीन पिढ्या सतारी-तंबोरे करायचं काम हाय. मला जवारी काढायला, म्हणजे घोडी घासून तारेचा झणकार जुळवायला, अजून नीट जमत नाही पण रेकॉर्डिंगचा नाद हाय, म्हणून आबांनी लावलेल्या तंबोऱ्याचे आवाज बाराही पट्ट्यांत रेकॉर्ड केले आणि एकेक पट्टी ३ डॉलर अशी फाईल विकायला काढली. परदेशात गाणं शिकणारी पोरं घेतात. इथल्या लोकांचं यूपीआयवर भागतं, पण जर्मनीच्या एका बाईंना क्यूआर पाठवला तर त्या म्हणाल्या हे कशात उघडायचं? अमेरिकेतल्या एकाने सरळ आबांच्या सेव्हिंग खात्यावर पैसे पाठवले, बँकेतनं फोन आला कसले पैसे म्हणून, मी गडबडून ‘गिफ्ट’ म्हणून टाकलं. बाहेरचे पैसे ऑनलाइन घ्यायला एक मित्र म्हणतो पेपाल घे, दुसरा म्हणतो स्ट्राइप घे, सीए म्हणतो आधी जीएसटी नंबर काढ. डोकं चालेना झालंय. — एक वाचक, मिरज

उत्तर : अरे मित्रा, आधी त्या गिफ्टचं निस्तरू, बाकीचं नंतर. बाहेरनं पैसा आला की बँकेला त्याच्यावर एक पर्पज कोड टाकावा लागतो, म्हणजे हा पैसा कशाचा ते. घरच्यांना पाठवलेल्या पैशाचा कोड पी१३०१, वैयक्तिक भेटीचा पी१३०२, आणि सॉफ्टवेअर, सेवा, हक्क विकल्याचे कोड वेगळे. तू भेट म्हटलंस म्हणजे कागदावर तुझी विक्री झालीच नाही, आणि ती भेटसुद्धा आबांच्या नावावर. उद्या लोनसाठी उत्पन्न दाखवायचं झालं की हाच पैसा दाखवता येणार नाही. बँकेत जा, ऑर्डरचा मेल आणि साधं बिल दाखव, कोड दुरुस्त करून मागायचा अर्ज लिहून दे, आणि एफआयआरए म्हणजे परदेशातनं पैसा आल्याचा दाखला मागून घे. पुढचा पैसा तुझ्या नावाच्या करंट खात्यात. फाईल तू विकतोस ना, मग आबांचं खातं मध्ये कशाला?

क्यूआरचं म्हणशील तर त्या बाईंचा काही दोष नाही. यूपीआयला मागे भारतातलं बँक खातं लागतं, त्यांच्याकडे ते नाही, विषय संपला. स्ट्राइप चांगलं आहे पण २०२४ पासून भारतात ते निमंत्रणावरच नवीन खाती देतात, त्यामुळे त्याच्या नादाला लागून दोन महिने घालवू नको.

राहिलं पेपाल. ते १ एप्रिल २०२१ पासून भारतातल्या भारतात चालत नाही, बाहेरचे पैसे मात्र घेता येतात. पॅन द्यायचा, पर्पज कोड निवडायचा, पैसा तिथं साठवता येत नाही, आपोआप बँकेत येतो. फी साधारण ४.४ टक्के आणि वर ३० सेंट. आता तुझ्या ३ डॉलरवर हे लावून बघ, ४३ सेंट गेले, म्हणजे शेकडा १४, डॉलरचे रुपये करताना कापतात ते वेगळंच! तीच बारा पट्ट्यांची एक जुडी करून २५ डॉलरला विकलीस तर १ डॉलर ४० सेंट, साडेपाच-सहा टक्के. भाव तोच राहू दे असं मी म्हणत नाही, पण सुट्टी पट्टी विकायचं बंद कर. मंडईत एकेक मिरची कोण विकतं? रेझरपे, कॅशफ्रीसारख्या आपल्या गेटवेला, म्हणजे कार्डाचे पैसे घेऊन देणाऱ्या कंपन्यांना, परदेशी कार्डाला साधारण ३ टक्के आणि त्या फीवर १८ टक्के जीएसटी, हे स्वस्त पडतं, फक्त परदेशी कार्ड चालू करून घ्यायला वेगळा अर्ज आणि वेबसाईटवर रिफंडचे नियम, पत्ता, फोन हे सगळं नीट लागतं.

पण स्वस्त म्हणून तिकडे पळू नको, खरी गोम इथं आहे. फी सगळे विचारतात, ‘विकणारा कोण’ हे कुणीच विचारत नाही. युरोपातल्या माणसाला डिजिटल फाईल विकली की त्याच्या देशाचा व्हॅट, म्हणजे तिकडचा विक्रीवरचा टॅक्स, लागतो. जर्मनीत १९ टक्के. तिकडच्या छोट्या विक्रेत्यांना १०,००० युरोपर्यंत जी सवलत आहे ती बाहेरच्यांना नाही, म्हणजे पेपाल किंवा गेटवेने विकलंस तर पहिल्याच फाईलपासून तो व्हॅट नोंदणी करून भरायचं काम तुझं. मिरजेत बसून जर्मन टॅक्स भरणार आहेस का? म्हणून मर्चंट ऑफ रेकॉर्ड नावाचा प्रकार असतो, फाईली विकायची गमरोड ही वेबसाईट २०२५ पासून तशीच चालते, लेमन स्क्वीझीपण तसंच. गिऱ्हाईक कागदावर त्यांच्याकडनं घेतं, व्हॅट ते भरतात, तुला उरलेले पैसे देतात. गमरोडची स्वतःची फी १० टक्के आणि ५० सेंट, कार्डाचे कापतात ते वेगळं असू शकतं. २५ च्या जुडीवर ३ डॉलर, ३ च्या पट्टीवर ८० सेंट, परत तेच मिरचीचं गणित. महाग आहे, मान्य, पण मी तुझ्या जागी असतो तर युरोपची विक्री तिथनंच केली असती. पैसे भारतात कसे पाठवतात ते आधी त्यांना विचारून घे, खातं उघडल्यावर नको.

सीएवर चिडू नको, तो अगदीच चुकीचं बोलत नाही. सेवांना २० लाखांपर्यंत नोंदणी लागत नाही हे खरं, परदेशी विक्री धरून. पण परदेशी प्लॅटफॉर्म जे कमिशन कापतो ती तू बाहेरनं घेतलेली सेवा झाली, तिच्यावर रिव्हर्स चार्ज येतो, म्हणजे जीएसटी विकणाऱ्याऐवजी घेणाऱ्याने भरायचा, आणि त्यामुळे नोंदणी लागू शकते. हाच प्रश्न त्याला विचार. नंबर काढलास तर निर्यातीवर टॅक्स शून्य ठेवायला एलयूटी, म्हणजे एक हमीपत्र, भरायचा, फॉर्म आरएफडी-११, आणि तो दर आर्थिक वर्षी नव्याने. लोक पहिल्या वर्षी भरतात आणि एप्रिलमध्ये विसरतात.

आणि जाता जाता, मिरजेच्या सतार-तंबोऱ्याला २०२४ मध्ये जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन, मिळालाय. फाईलच्या वर्णनात तंबोरा मिरजेचा, आबांनी जवारी लावलेला, हे लिहितोस की नाही? ३ डॉलरला विकतोस म्हणजे लिहीत नसणारच.

प्रश्न : मी एम्ब्रॉयडरी मशीनचे डिझाइन विकते. कॅनडाच्या बाईने ८ डॉलरची फाईल डाउनलोड केली आणि महिन्याने बँकेला सांगून पैसे परत घेतले, वर माझ्याकडनं दंडपण कापला. काय करता येतं? — विश्रामबाग, सांगली

उत्तर : ताई, याला चार्जबॅक म्हणतात. नोटीस आली की मुदतीत उत्तर द्यायचं, न देणाऱ्याची केस आपोआप जाते. उत्तरात ऑर्डरचा मेल, फाईल उतरवल्याची तारीख-वेळ, आयपी पत्ता (कुठल्या इंटरनेट जोडणीवरनं उतरवली तो नंबर) आणि तुमचा रिफंडचा नियम, एवढं एका पानावर. मात्र गिऱ्हाइकाने आधी तुम्हाला मेल केला असेल आणि तुम्ही उत्तर दिलं नसेल तर हरायची तयारी ठेवा. अजून एक तपासा, कार्डाच्या स्टेटमेंटवर तुमच्या दुकानाचं नाव येतं का घरच्या फर्मचं. अनोळखी नाव दिसलं की माणूस सरळ बँकेला फोन लावतो, त्यात लबाडी असतेच असं नाही. ते नाव सेटिंगमध्ये बदलता येतं, आजच बदलून टाका.