खुंटीवरची बंदूक आणि मे महिन्यातली पोरं

प्रश्न: नमस्कार सर, आमचं घर कुडाळजवळ, माकडं आणि डुकरांपायी बाबांकडे शेतीसंरक्षणाची लायसनवाली ठासणीची बंदूक आहे, कायम माजघरात खुंटीला टांगलेली. मे महिन्यात मुंबईची पोरं येणार, दोघं तर सहा-सात वर्षांची. मी म्हटलं कुलपात ठेवा, तर बाबा म्हणतात केप (बार पेटवणारी छोटी टोपी) काढलीय ना, मग काय होतंय. बरोबर आहे का त्यांचं?

उत्तर: नाही ताई, अजिबात बरोबर नाही, आणि हे बाबांना वाचून दाखवा प्लीज. केप काढली तरी नळीत दारू आणि छर्रे ठासलेलेच राहतात, आणि फळीवरची केपची डबी पोरांना सापडायला कितीसा वेळ लागतो? काडतुसाची बंदूक मधून वाकवून उघडली की नळीतून आरपार उजेड दिसतो, ठासणीची मागून बंद, म्हणून नुसतं बघून काही कळत नाही. त्याला गजच लागतो, म्हणजे दारू ठासायची लांब सळई. केप काढलेली, नळी माणसांपासून लांब, आणि बाबांनी गज हळू आत सोडायचा, चेहरा नळीसमोर आणायचा नाही, नळीच्या तोंडाशी गजावर खूण करायची आणि मग तोच गज बाहेरून नळीला लावून बघायचा. खूण तोंडाशी धरल्यावर गजाचं टोक निपलपर्यंत, म्हणजे केप बसते त्या बोंडीपर्यंत, पोचलं तर रिकामी, चार बोटं अलीकडेच थांबलं तर आत बार आहे! मग घरी खरवडत बसू नका, दारू जुनी असली तरी पेटते, पोलीस ठाण्यात फोन करून लायसनवाल्या बंदूक कारागिराची मदत घ्या. लायसन बाबांच्या नावावर आहे त्यामुळे तुम्ही किंवा भावानं तिला हात लावू नये.

वय झालेल्या माणसाला वाटतं की आपला इतक्या वर्षांचा हात आहे, चूक होणार नाही, पण १ ऑक्टोबर २०२४ ला अभिनेता गोविंदाला मुंबईत राहत्या घरी स्वतःच्याच लायसनच्या रिव्हॉल्व्हरची गोळी पायात लागली, तेव्हा घरात कोणी शिकार करत नव्हतं, बाहेरगावी निघायची तयारी चालली होती.

रिकामी बंदूक कपाटात कुलपात, दारू आणि केपा वेगळ्या कुलपात, चुलीपासून लांब, आणि दोन्ही किल्ल्या बाबांच्या करगोट्याला, देवघरात नकोत, पोरं पहिली तिथंच शोधतात. बंदुकीची गोष्ट पोरांपासून लपवूनही ठेवू नका, सरळ सांगा की दिसली तर हात लावायचा नाही, आजोबांना हाक मारायची.

पोरं यायच्या आधी गज लावून बघा आणि आत काय निघालं ते मला नक्की कळवा.