गिरणाकाठचा ‘डोळे-तोंडाचा’ दगड आणि शेतातली गारगोटी

भाऊ, तिन्ही फोटो नीट पाहिले. भडगावकडच्या नाल्यातला डोळे-तोंड असलेला काळा दगड, पिंडीसारखा गुळगुळीत गोटा आणि शेजारच्या शेतातले लालसर-पांढरे चकचकीत तुकडे. ‘हे पुरातन कोरीव काम आहे का?’ असं तुम्ही पहिल्या दोघांबद्दल विचारलंय आणि तुकड्यांना ‘असेच काही खडे’ म्हटलंय. जपून ठेवायचे ते हे खडेच.

आधी डोळे-तोंडाचा दगड. आपल्याकडचा काळा दगड म्हणजे सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्हा थिजून झालेला बसाल्ट. थिजताना त्यात वायूचे बुडबुडे अडकले, पुढे त्या पोकळ्यांत गारगोटी, कॅल्साइट, झिओलाइट अशी खनिजं साचली. ते भरण झिजून गळून पडलं की खळगा उरतो, आणि दोन खळगे शेजारी आले की आपल्याला डोळे दिसतात. खळग्याच्या आत पाहा. तळाशी बारीक स्फटिक किंवा हिरवट पापुद्रा असेल, आकार लहानमोठे असतील, दगडावर इतरत्रही तसलीच छिद्रं असतील तर ते बुडबुडेच. हाताने पाडलेल्या जुन्या आरपार भोकाची तऱ्हा वेगळी असते. ते बहुधा दोन्ही बाजूंनी पाडलेलं असतं, म्हणून तोंडाशी रुंद आणि मध्ये अरुंद, डमरूसारखं. आतल्या भिंतीवर गोल फिरलेल्या रेघा बोटाला लागतात.

‘तोंडाची’ रेघ तपासायला दगड पाण्यात भिजवून सावलीत ठेवा. वरचा भाग वाळला तरी रेघ बराच वेळ ओली-काळी राहिली आणि मागच्या बाजूलाही पोचली, तर ती खोल गेलेली भेग आहे. कोरलेली रेघ पृष्ठभागावरच असते, तिला सुरुवात आणि शेवट असतो. रंगही बघा. बसाल्टवर वर्षानुवर्षांत तपकिरी साल चढते. जुन्या कोरीव खाचेतही तशीच साल हवी. खाच आतून करडी-पांढरट असेल तर ती नांगराच्या फाळाची किंवा जेसीबीच्या दाताची. अशा ओरखड्यात कधी लोखंडाचा गंजही चिकटलेला सापडतो. मात्र उलट समजू नका. खाचेत साल आहे एवढ्यावर ती माणसाने कोरलेली ठरत नाही.

जुनं कोरीव काम प्रत्यक्ष कसं झिजतं हे पाहायचं असेल तर साक्री तालुक्यात बळसाण्याची मंदिरं पाहा. उघड्यावरचे कोपरे बोथट झालेत, पण पावसापासून आडोसा मिळालेल्या खोबणीत टाकीचे घाव टिकून राहतात: एका दिशेने, जवळपास सारख्या अंतरावर. दगडावर असे घाव कुठेच नसतील आणि आकार फक्त एकाच कोनातून ‘दिसत’ असेल, तर ते शिल्प नाही.

गोट्याचं उत्तर सोपं आहे. भेगाळलेल्या बसाल्टचे कोपरे आधी कुजतात, कांद्यासारखी सालं सुटतात आणि मधला टणक गोळा उरतो. मुरमाच्या खाणीच्या उभ्या कडेत असे गोळे रांगेने दिसतात. नदीने लोळवला की आणखी गुळगुळीत होतो. सगळीकडून सारखाच गुळगुळीत असणं ही निसर्गाची खूण. वापरलेला वरवंटा एका अंगानेच सपाट घासलेला असतो, कुटायला वापरलेल्या दगडाच्या टोकाला बारीक ठोक्यांचे टवके असतात, आणि उरलेला भाग खडबडीत राहतो.

धुळे-नंदुरबारकडे लांबच लांब सरळ धावणाऱ्या काळ्या दगडी ‘भिंती’ही अशाच निसर्गाने घडवलेल्या, पण लोकांना किल्ल्याच्या वाटतात. त्या डाइक आहेत, भेगांत वर चढून थिजलेला लाव्हा.

आता खडे. फोटोतला तिसरा तुकडा साधारण चार सेंटिमीटर लांब आणि दीड रुंद दिसतो, कडा समांतर, पाठीवर एक सरळ कणा. हे अश्मयुगीन माणसाने दगडातून मुद्दाम काढलेलं पाते, म्हणजे लांबट धारदार हत्यार असू शकतं. पाते म्हणायला लांबी रुंदीच्या निदान दुप्पट हवी, तेवढी आहे. तो उलटा करा, अंधारात मोबाइलचा उजेड अगदी आडवा टाका आणि १० पट भिंगातून पाहा. एका टोकाला आघाताची छोटी सपाट जागा, तिच्याखाली किंचित फुगवटा आणि तिथून पसरत गेलेल्या लाटा, या तिन्ही खुणा एकत्र असल्या की घाव नेमका बसलाय. तरीही एका तुकड्यावर निकाल देऊ नका. ट्रॅक्टरखाली, खडी-क्रशरमध्येही गारगोटी अशीच फुटते. पाती काढून उरलेला मूळ गोटा म्हणजे गाभा, घडवताना उडालेले छिलके आणि रंगवलेली खापरं आसपासच सापडली, आणि जमीन पांढरीची, म्हणजे जुन्या वस्तीची राखट माती असली, तर गोष्ट पक्की होत जाते. बहाळ, प्रकाशे ही ताम्रपाषाणयुगीन, म्हणजे तांबं आणि दगड दोन्हींची हत्यारं वापरात होती त्या काळातली ठिकाणं नदीकाठची पांढरीची टेकाडंच आहेत.

रेघांबाबत तज्ज्ञांचीही फसगत होते. चाळीसगाव तालुक्यातल्या पाटण्याला शहामृगाच्या अंड्याचं रेघा कोरलेलं कवच मिळालं, सुमारे २५,००० वर्षांपूर्वीचं. ते माणसाने कोरलेलंच आहे. पण देशात इतरत्र मिळालेल्या अशा बऱ्याच कवचांवरची ‘नक्षी’ बारकाईने तपासल्यावर झाडांच्या मुळांनी खाल्लेल्या रेघा निघाल्या.

कृपा करून तुकडे ॲसिडने किंवा तारेच्या ब्रशने घासू नका, तेल-शेंदूर लावू नका. कडांवरच्या वापराच्या सूक्ष्म खुणा त्यातच जातात. शेतात आणखी उकरूही नका. कुठल्या थरात काय होतं ही माहिती एकदा मोडली की परत मिळत नाही. प्रत्येक तुकडा वेगळ्या पिशवीत ठेवा, चिठ्ठीवर गट नंबर, बांधापासून अंतर आणि तारीख लिहा. पुढे कोरीव मूर्ती किंवा नाणी निघाली तर १८७८ च्या निखात निधी (जमिनीत सापडलेला ठेवा) कायद्याप्रमाणे जिल्हाधिकाऱ्यांना लेखी कळवावं लागतं, आणि ते तुमच्याच हिताचं आहे.

तिसऱ्या तुकड्याचे दोन्ही बाजूंचे आणि जाड टोकाचे, शेजारी रुपयाचं नाणं ठेवून, आडव्या उजेडातले फोटो टाका. त्याच शेतातली खापरं न धुता, माती फक्त मऊ कुंचल्याने झटकून, त्यांचेही टाका. लाल पृष्ठभागावर काळी रेघ असलेलं खापर दिसलं तर त्याचा फोटो आधी.