बाणाई अर्ध्या वाटेवर का?

प्रश्न : लग्नानंतर पहिल्यांदाच जेजुरीला गेले. म्हाळसा खंडोबाशेजारी, आणि बाणाईचं देऊळ मात्र गड चढताना अर्ध्या वाटेवर. ‘ती दुसरी बायको, म्हणून खाली,’ असं कुणीतरी म्हणालं आणि मन खट्टू झालं. माझं माहेर धनगराचं. हे खरं का?
– एक वाचक, नाशिक

उत्तर : ताई, मन खट्टू करू नका. माझं माहेर कऱ्हेकाठचं. आजी पहिल्यांदा जेजुरीला घेऊन गेली तेव्हा मी सात-आठ वर्षांची असेन. भराभर पायऱ्या चढत होते, तर तिनं दंडाला धरून थांबवलं. ‘आधी बाणाईची ओटी, मग वर.’ खण, नारळ, चिमूटभर भंडारा. तोवर वरच्या देवाचं नाव नाही.

म्हाळसा नेवाशाच्या लिंगायत वाण्याची लेक, पार्वतीचा अवतार. देवाशी तिचं लग्न दरवर्षी पौष पौर्णिमेला पालीला लागतं. बाणाई चंदनपुरीच्या धनगराची लेक, तुमच्याच जिल्ह्यात मालेगावजवळची. तिला गंगा मानतात. तिच्यासाठी देव म्हाळसेशी पैज लावून सारीपाट खेळला, हरला आणि पैजेप्रमाणे बारा वर्षं घराबाहेर राहिला. म्हातारा गडी होऊन बाणाईच्या वाड्यावर मेंढरं राखली. सगळा कळप मारून टाकला आणि लग्नाला होकार मिळाल्यावरच पुन्हा उठवला. गावोगावच्या खंडोबांत मला हाच देव जवळचा वाटतो, दुसऱ्याच्या दारी राबलेला.

तिला घेऊन गडावर आला, तर म्हाळसा दारातच उभी. मग जे भांडण जुंपलं ते वाघ्या-मुरळी जागरणात अजून गातात. तू वाणीण, तू धनगरीण. तुझं सोवळं, माझी मेंढरं. दोघी एकमेकींना काही म्हणायचं बाकी ठेवत नाहीत, आणि ऐकणाऱ्या बायका दोघींच्या बाजूनं माना डोलवतात. शेवटी देवानं गड वाटून दिला. वरचा म्हाळसेला, खालचा बाणाईला.

वाटणी झाली म्हणजे हक्क आला, ताई. आश्रिताला कुणी वाटा देत नाही. नैवेद्यही तसाच वाटलेला : देवाला पुरणपोळी, चंपाषष्ठीला वांग्याचं भरीत-रोडगा, आणि सामिष नैवेद्य बाणाईच्या नावानं. मेंढपाळाच्या घरचं अन्नसुद्धा या देवस्थानानं बाहेर टाकलं नाही.

खाली-वर हे आपण पायऱ्यांवरून ठरवतो. ‘नऊ लाख पायरी’चा गड चढताना छाती भरून येते, तिथे पहिली भेटते ती बाणाईच.

पुढच्या खेपेला सोमवती अमावस्या गाठा. पालखी कऱ्हा नदीवर स्नानाला उतरते तेव्हा भंडाऱ्यानं सगळा गड पिवळा होतो. नव्या साडीवर डाग पडेल म्हणून मागे राहू नका. आणि बाणाईची ओटी माहेरच्या खणानं भरा.